रात्रीची एक गोळी, बावीस महिने

डिसेंबरातला मंगळवार होता. देवगडच्या कलमांवर मोहोराची फवारणी सुरू झाली की माझ्या दवाखान्यात खोकल्याचे रुग्ण वाढतात, त्यामुळे काकी दारात दिसल्या तेव्हा मला काही वेगळं वाटलं नाही. वय ६८, वजन ४६ किलो, बारा वर्षांची ओळख. त्यांच्या संमतीने हे लिहिते आहे आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. त्यांना फक्त खोकल्याचं औषध हवं होतं. मुलगा बरोबर आला होता, तो मात्र बाजूला उभं राहून म्हणाला की आई पाखाडी चढताना दोनदा बसते.

वाडीतून रस्त्यावर यायला त्यांना जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, म्हणजे पाखाडी, चढावी लागते. गेल्या शिमग्यापर्यंत डोक्यावर नारळांची पाटी घेऊन त्या ती एका दमात चढत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता वय झाला गो बाय, दम लागतलोच."

बसल्या जागी बोटावरच्या ऑक्सिमीटरने ९४ दाखवलं. या वयात, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईला ९४ म्हणजे ठीकच, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण पाखाडीचं ऐकल्यामुळे मी त्यांना व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या. चौथ्या फेरीला आकडा ८६ वर आला आणि त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर दोन्ही फुफ्फुसांच्या तळाशी, श्वास आत घेताना, वेल्क्रोचा पट्टा हळूहळू सोडवावा तसा बारीक चरचराट. ताप नाही, पायांवर सूज नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या नाहीत. हृदय कमी पडून दम लागतो तेव्हा असं चित्र नसतं.

नखं नीट बघावीत म्हणून मी त्यांना खळ्यात उन्हात आणलं, आणि तिथे डोळे दिसले. पांढऱ्या भागावर हळदीची पुसट झाक होती. ट्यूबलाइटखाली सौम्य कावीळ हमखास लपते, दिवसाच्या उजेडात लपत नाही. मी विचारलं, लघवी पिवळी होते का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच काहीतरी विसरले आहे. म्हणाल्या, "तूच सांगितलेलंस मा, ह्या गोळयेन लघवी पिवळी होता, घाबराचा नाय म्हणान."

खरं होतं. मीच सांगितलं होतं.

गोळी कुठून आली

गोळीचं नाव नायट्रोफ्युरँटोइन, १०० मिलिग्रॅम, रोज रात्री झोपताना एक. बावीस महिन्यांपूर्वी काकी मुलीकडे मुंबईला गेल्या होत्या आणि तिथे लघवीची जळजळ, थंडी वाजणं असा त्रास झाला. आठ महिन्यांतला तो तिसरा संसर्ग, असं कागदावर लिहिलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी आधी पूर्ण उपचार केले आणि मग पुन्हा होऊ नये म्हणून ही रात्रीची गोळी सुरू केली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: चालू ठेवणे, ३ महिन्यांनी दाखवणे. त्यात गैर काही नव्हतं. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना असं प्रतिबंधक औषध काही महिने देतात.

पण तीन महिन्यांनी आंब्याचा हंगाम होता. काकी गावी आल्या त्या आल्याच. मुंबईला दाखवायला जाणं राहिलं, गोळी मात्र राहिली नाही. मुलगा चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जायचा, दोन-तीन पाकिटं आणायचा. लघवीचा त्रास थांबला होता, त्यामुळे घरात त्या गोळीचं कौतुकच होतं.

आणि माझं काय? मी नंतर माझी केसपेपरची फाईल काढून बसले. जुलैत काकी कोरड्या खोकल्यासाठी आल्या होत्या. भर पाऊस, घरोघरी बुरशी, मी तो पावसाळी खोकला धरला आणि पंधरा दिवसांचा इनहेलर दिला. सप्टेंबरात अंगात ताकद नाही म्हणून आल्या, हिमोग्लोबिन १०.२ निघालं, मी लोहाच्या गोळ्या दिल्या. ऑक्टोबरात पुन्हा खोकला. तिन्ही भेटींत, चालू औषधांच्या रकान्यात, माझ्या अक्षरात त्या गोळीचं नाव आहे आणि पुढे लिहिलं आहे "चालू". एकदाही मी तारीख विचारली नाही. दुसऱ्याने सुरू केलेलं औषध आपण थांबवायचं नाही, हा संकोच माझ्या हातात इतका मुरला होता की तो संकोच आहे हेही कळत नव्हतं.

त्याहून मागे जायला हवं. तीन संसर्गांपैकी एक संसर्ग नव्हताच. प्लॅस्टिकच्या पिशवीतले जुने कागद पाहिले तर त्या वेळी काकींना काही त्रास नव्हता, मोतिबिंदूच्या ऑपरेशनआधी केलेल्या तपासणीत लघवीत जंतू सापडले होते एवढंच. म्हाताऱ्या बायकांच्या लघवीत त्रास न देणारे जंतू पुष्कळदा असतात आणि त्यांना औषध लागत नाही. उरलेल्या दोन संसर्गांचं कारण मला आठवडा बाजारात सापडतं. काकी सकाळी सहाला निघून बाजारात नारळ, आमसुलं, लाल भाजी घेऊन बसतात ते दुपारी दोनपर्यंत. बायकांसाठी संडास बांधलेला आहे, पण त्याला कुलूप असायचं. "पाणी पिऊन जाऊचा खय?" असं त्यांनी मला कितीदा तरी सांगितलं होतं. आठ-आठ तास पाणी न पिणं आणि लघवी दाबून ठेवणं, त्यात पाळी जाऊन पंधरा वर्षं झाल्यामुळे तिथली त्वचा पातळ आणि कोरडी झालेली. या दोन गोष्टींवर कुणी काही केलं नाही. गोळी सुरू झाली.

औषध चांगलं आहे, म्हणूनच

हे वाचून कुणी घरातली पाच दिवसांची नायट्रोफ्युरँटोइन फेकून देऊ नये. हे १९५३ पासून वापरात असलेलं औषध आहे. पोटात घेतलं की ते रक्तात फार साठत नाही, मूत्रपिंडातून झटकन लघवीत उतरतं आणि तिथेच काम करतं. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला पाच ते सात दिवस दिलं तर बहुतेकांना काहीही त्रास न होता गुण येतो. लघवीतल्या ई. कोलाय जंतूंवर बाकीची प्रतिजैविकं निष्प्रभ होत चालली असताना हे अजून चालतं, म्हणून जगभरच्या उपचार-सूचनांमध्ये ते पुन्हा पहिल्या पसंतीला आलं आहे. मीही ते लिहिते आणि पुढेही लिहीन.

अडचण मुदतीची आहे. या औषधाने फुफ्फुसांना होणारी इजा दोन अगदी वेगळ्या रूपांत येते. पहिली तीव्र. गोळी सुरू केल्यावर काही तासांपासून दोन-तीन आठवड्यांच्या आत ताप, खोकला, दम, कधी अंगावर पुरळ, रक्तात इओसिनोफिल पेशी वाढलेल्या. न्यूमोनियाच वाटतो. गोळी बंद केली की रुग्ण बहुधा काही दिवसांत सुधारतो, आणि पुन्हा दिली तर काही तासांत तेच सगळं परत होतं. स्वीडनमध्ये १९६६ ते १९७६ या काळात या औषधाच्या दुष्परिणामांच्या ९२१ नोंदी जमल्या होत्या. १९८० साली त्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यात ही तीव्र प्रतिक्रियाच सर्वांत मोठ्या वाट्याने होती. अंगावर धावून येते म्हणून ती लक्षात तरी येते.

दुसरी संथ. सहा महिने, वर्ष, कधी कित्येक वर्षं रोज गोळी घेतल्यावर. ताप नसतो. कोरडा खोकला आणि चालताना दम, आणि तोही इतक्या हळू वाढतो की माणूस स्वतःच्या सवयी बदलत जातो. पाखाडीवर एकदा बसायचं, मग दोनदा. आत फुफ्फुसांच्या वायुकोशांमधली नाजूक जाळी सुजते आणि सूज तशीच राहिली तर तिथे व्रणासारखे तंतू तयार होतात. सूज ओसरू शकते, तंतू जात नाहीत. महिने मोजणं म्हणूनच महत्त्वाचं असतं. काकींचा खोकला सतराव्या महिन्यात सुरू झाला आणि मी गोळी बंद केली बाविसाव्या महिन्यात. मधल्या पाच महिन्यांचा हिशेब पुढे येईलच.

यकृताचंही तसंच आहे. सुरुवातीच्या काही आठवड्यांत होणारी कावीळ वेगळी, आणि दीर्घकाळ घेतल्यावर होणारा यकृतदाह वेगळा. हा दुसरा प्रकार बहुतेक करून वयस्क बायकांमध्ये दिसतो आणि तो हुबेहूब स्वप्रतिकारक यकृतदाहाचं सोंग घेतो, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते तो आजार. रक्तात तीच प्रतिपिंडं, तसंच वाढलेलं ग्लोब्युलिन हे प्रथिन, सूक्ष्मदर्शकाखाली तसंच चित्र. वेळेवर ओळखला नाही तर यकृत कायमचं घट्ट होऊन बसण्यापर्यंत मजल जाते. फुफ्फुस आणि यकृत एकाच रुग्णात एकाच वेळी बिघडल्याच्याही नोंदी आहेत.

पेशींमध्ये या औषधाच्या रेणूतल्या नायट्रो गटाची मोडतोड होते तेव्हा घातक ऑक्सिजन-कण तयार होतात आणि ते पेशींना पोळतात. त्यावर प्रतिकार यंत्रणेची भर पडते. मूत्रपिंड नीट काम करत असेल तर औषध लवकर बाहेर जातं. करत नसेल तर लघवीत कमी उतरतं, म्हणजे गुण कमी येतो, आणि शरीरात जास्त रेंगाळतं. मूत्रपिंडांचं काम ज्यावरून जोखतात ते रक्तातलं क्रिएटिनिन काकींचं होतं १.२. लॅबच्या कागदावर ते ठळक छापलेलं नव्हतं, म्हणून कुणाच्या डोळ्यात भरलं नाही. पण ६८ वर्षांच्या, ४६ किलो वजनाच्या बाईच्या अंगात स्नायूच इतके कमी असतात की १.२ हा आकडा फसवतो. वय आणि वजन घालून हिशेब केला तर त्यांच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर निघते. ब्रिटनमध्ये ४५ च्या खाली हे औषध टाळायला सांगतात, अमेरिकेतल्या वृद्धांसाठीच्या सूचना ३० च्या खाली. थोड्या दिवसांसाठी ३३ वर एखादा डॉक्टर देईलही. दोन वर्षं रोज द्यायला मात्र कुणी तयार झालं नसतं. हा हिशेब कागदावर दोन मिनिटांचा आहे आणि मी तो त्या डिसेंबरात पहिल्यांदा केला.

त्या आठवड्यात

गोळी त्याच दिवशी बंद केली. निदानाची वाट पाहिली नाही, कारण ती थांबवल्याने काकींचं नुकसान होण्यासारखं काहीच नव्हतं. लघवीत तपासणीची पट्टी बुडवून पाहिली तर बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, आलं. रंग गोळीचा नव्हता, पित्ताचा होता. किती आठवड्यांपासून, ते आता कधीच कळणार नाही, कारण मी दिलेल्या धीराने तो रंग झाकला गेला होता.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. बिलिरुबिन ३.८. यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम्स कितीतरी पटींनी वाढलेली: एसजीपीटी ४१२, एसजीओटी ४८६. रक्तातली प्रथिनं, अल्ब्युमिन २.९ आणि ग्लोब्युलिन ४.६, म्हणजे दोघांची उलटापालट झालेली. रक्त गोठण्याचा आयएनआर १.४. औषधाने यकृताच्या पेशी मरताहेत आणि त्यात कावीळही आहे, अशी जोडी दिसली की धोका एकदम वरच्या पायरीवर जातो. यकृततज्ज्ञ हायमन झिमरमन यांनी फार पूर्वी सांगून ठेवलं आहे की अशा दहा रुग्णांमागे साधारण एकाचा जीव जाऊ शकतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

एक्स-रेत दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात जाळीदार सावल्या होत्या. मोतिबिंदूच्या वेळचा जुना एक्स-रे पिशवीत सापडला, तो स्वच्छ होता. जुने कागद जपून ठेवणाऱ्या घरांचे डॉक्टरांवर फार उपकार असतात.

आता आमच्याकडे खोकला, वजन उतरलेलं आणि एक्स-रेवर सावल्या म्हटलं की पहिला शब्द येतो टीबी. तो यायलाच हवा. थुंकीचे दोन नमुने आणि सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी, केली, जंतू सापडले नाहीत. एका सहकाऱ्याने आपुलकीने सुचवलं की थुंकीत नसला तरी टीबीचं औषध चालू करून बघू. अशी वेळ आपल्या देशात अनेकदा येते आणि अनेकदा ते बरोबरही ठरतं. पण टीबीच्या पहिल्या फळीतल्या चार औषधांपैकी तीन यकृतावर भार टाकणारी आहेत. एसजीपीटी ४१२ असलेल्या यकृतावर ती गेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करते. यकृताचा रिपोर्ट आधी हातात आला म्हणून आम्ही थांबलो.

लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस, तपासला, कारण भातशेतीच्या या पट्ट्यात कावीळ आणि लेप्टो हे नातं सगळ्यांना पाठ आहे. पण डिसेंबरात, तापाशिवाय, महिनोन्‌महिने रेंगाळणारा लेप्टो नसतो. ए, बी, सी आणि ई या काविळींच्या तपासण्या नकारात्मक आल्या. मुलाने हळूच सांगितलं की पाच दिवस भुईआवळीचा रस दुधातून दिला होता. त्याला ओरडण्याचं काही कारण नव्हतं. डोळे पिवळे वाटले तेव्हा घराने त्याला ठाऊक असलेलं केलं, आणि सांगितलं हे महत्त्वाचं. गुळवेलीचा काढा घेतला का, हेही मी मुद्दाम विचारलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर असाच, स्वप्रतिकारक वाटणारा यकृतदाह झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. काकींनी तो घेतला नव्हता.

फुफ्फुसांसाठी दुसरा मोठा संशय होता बुरशी आणि पक्ष्यांच्या विष्ठेच्या धुळीने होणाऱ्या दाहाचा. भारतातल्या २७ केंद्रांनी मिळून फुफ्फुसांच्या जाळीच्या आजारांची नोंदवही ठेवली होती, तीत १,०८४ रुग्णांपैकी ४७ टक्क्यांना हाच आजार निघाला. कोकणातल्या घरात पावसाचे चार महिने बुरशीबरोबरच राहणं असतं. शिवाय काकींनी तरुणपणी काजू कारखान्यात बी भाजण्याच्या धुरात सहा वर्षं काढली होती. यांपैकी कशालाही मी पूर्ण बाजूला सारू शकत नव्हते. पण बुरशी यकृत बिघडवत नाही, आणि काजूचा धूर चाळीस वर्षांपूर्वीचा होता. फुफ्फुस आणि यकृत दोन्हींना एकाच धाग्यात ओवणारी एकच गोष्ट त्या घरात होती आणि ती पडवीतल्या कोनाड्यात, देवाच्या उदबत्त्यांशेजारी ठेवलेली असायची.

मुलाला मी औषधाचं नाव सांगितलं, ते नायट्रोफ्युरान गटातलं आहे हेही सांगितलं. तो खाडीकाठच्या कोळंबी प्रकल्पावर काम करतो. गटाचं नाव ऐकून तो थबकला. "ह्यां आमच्याकडे बंद आसा. कोळंबीक घातला तर आख्खो माल परत येता. आणि माझ्या आवशीक देतत?"

त्याचं चुकलं नव्हतं. कोळंबी संवर्धनात या गटाची औषधं वापरायला बंदी आहे आणि निर्यातीआधी त्यांचे अंश तपासले जातात. मी त्याला समजावलं की ती बंदी वेगळ्या कारणाने आहे. मांसात राहून जाणारे अंश लोकांच्या पोटात नकळत, गरज नसताना जातात आणि ते कर्करोगाला निमंत्रण देतील अशी शंका आहे. आजारी माणसाला पाच दिवस मोजून दिलेली गोळी ही निराळी बाब. त्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, मग पाचच दिवस का नाही दिली? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोव्यात

सिंधुदुर्गातून मोठ्या आजाराला माणूस कोल्हापूरला जातो नाहीतर गोव्याला. काकींना गोव्यातल्या मोठ्या रुग्णालयात नेलं, नऊ दिवस ठेवलं. एचआरसीटीत, म्हणजे फुफ्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये, दोन्ही फुफ्फुसांच्या खालच्या भागात धुरकट, दुधी काचेसारखे पट्टे दिसले आणि त्यांच्यात तंतूंची जाळी. श्वासाच्या चाचणीत फुफ्फुसांची क्षमता अपेक्षेच्या ५८ टक्के, आणि हवेतून रक्तात वायू उतरण्याची क्षमता ४४ टक्के. हृदयाची सोनोग्राफी चांगली. स्वप्रतिकारक आजारात सापडणारी प्रतिपिंडं, एएनए १:३२० ला आणि स्मूथ मसल, दोन्ही सकारात्मक, आणि आयजीजी हे ग्लोब्युलिन वाढून २,६०० च्या घरात. यकृताचा तुकडा तपासला, त्यात लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींची गर्दी. रिपोर्टच्या शेवटी लिहिलं होतं की हे स्वप्रतिकारक यकृतदाहाशी जुळतं, औषधाचा इतिहास पडताळावा.

त्या एका ओळीने फार मोठा फरक पडला. निदान नुसतंच स्वप्रतिकारक यकृतदाह असं झालं असतं तर काकींना बहुधा वर्षानुवर्षं, कदाचित जन्मभर, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली असती. आणि कुणाच्या लक्षात न आल्यामुळे कोनाड्यातली गोळीही चालू राहिली असती.

स्टेरॉइड द्यावं की नाही यावर तिथल्या फुफ्फुसतज्ज्ञ आणि यकृततज्ज्ञ यांच्यात चर्चा झाली. मूळ उपचार गोळी थांबवणं हाच आहे. स्टेरॉइडने सुधारणा लवकर होते असं अनुभव सांगतो, पण त्यामागचा पुरावा भक्कम नाही. बरेच रुग्ण नुसतं औषध थांबवूनही सुधारतात. काकींचा ऑक्सिजन चालताना ८६ वर उतरत होता आणि कावीळ होती, म्हणून ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन सुरू करायचं ठरलं. साखर, हाडं आणि लपलेला टीबी यांच्यावर लक्ष ठेवायची अट होती.

दोन आठवड्यांत बिलिरुबिन २.१ झालं, सहा आठवड्यांत १.०. एसजीपीटी चौदाव्या आठवड्यात ३४ वर आलं. स्टेरॉइड हळूहळू उतरवत सहाव्या महिन्याच्या शेवटी बंद केलं, आणि मग खरी परीक्षा होती. अस्सल स्वप्रतिकारक यकृतदाह असेल तर स्टेरॉइड थांबवल्यावर तो बहुधा उसळी मारतो. औषधाने झालेला असेल तर उसळत नाही. दर महिन्याला काकींचं रक्त घेताना माझीच छाती धडधडायची. पाच महिने झाले, एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही जागेवर आहेत.

फुफ्फुसांचं तसं नाही झालं. सहा महिन्यांनी क्षमता ५८ वरून ७२ टक्क्यांवर आली, वायू उतरण्याची क्षमता ४४ वरून ५५ वर. दुधी काचेचे पट्टे गेले. जाळी राहिली. मधल्या पाच महिन्यांचा हिशेब तो हाच.

गोळीनंतर

काकींच्या पिशवीत आता लॅमिनेट केलेलं कार्ड असतं: नायट्रोफ्युरँटोइन पुन्हा कधीही देऊ नये, फुफ्फुस व यकृताला इजा. मे महिन्यात मुलीकडे असताना त्यांना पुन्हा जळजळ झाली. नव्या डॉक्टरांनी उपचार-सूचनेप्रमाणे अगदी बरोबर औषध लिहिलं, म्हणजे हीच गोळी. नातीने कार्ड पुढे केलं. मग फॉस्फोमायसिन या दुसऱ्या प्रतिजैविकाच्या ३ ग्रॅमच्या एका पुडीवर काम भागलं. त्यानंतर मी त्यांना योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम आठवड्यातून दोनदा सुरू केलं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये वारंवार होणारे संसर्ग त्याने कमी होतात, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे, पण आमच्याकडे संकोचामुळे ते ना डॉक्टर सांगतात ना बायका विचारतात. काकींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की आधी का नाही सांगितलंस.

बाजारातल्या संडासाचं कुलूप हा दवाखान्याचा विषय नाही, असं मला पूर्वी वाटायचं. किल्ली आता चहाच्या टपरीवाल्या बाईंकडे असते. त्यासाठी मला चार फेऱ्या घालाव्या लागल्या.

हा दुष्परिणाम मी भारताच्या औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे कळवला. २०१० मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचं राष्ट्रीय केंद्र गाझियाबादला, भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा निःशुल्क क्रमांक. डॉक्टरच हवा असं नाही, रुग्ण आणि नातेवाईकही कळवू शकतात. तालुक्याच्या ठिकाणाहून अशा नोंदी फार कमी जातात आणि मग औषध आपल्याकडे निर्धोक आहे असं वाटत राहतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२३ मध्ये सगळ्या डॉक्टरांना पुन्हा एकदा आठवण करून दिली की या गोळीवर असलेल्या रुग्णाला, विशेषतः वयस्क रुग्णाला, नवा खोकला किंवा दम लागला तर आधी गोळीकडे बघा, आणि दीर्घकाळ देत असाल तर यकृतावर लक्ष ठेवा. इतक्या जुन्या औषधाबद्दल पुन्हा सांगावं लागतं.

मी माझ्या चिठ्ठीवर आता प्रत्येक प्रतिजैविकापुढे बंद करायची तारीख लिहिते, आणि आमच्या मेडिकलवाल्या भाऊंनी तारीख उलटल्यावर पाकीट द्यायचं नाही असं कबूल केलं आहे. लघवीच्या रंगाबद्दलही वेगळं सांगते. गोळीने रंग गडद होतो, त्याने काही बिघडत नाही. पण त्याबरोबर डोळे पिवळे वाटले, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना गेली, शौच पांढुरकं झालं, तर तो रंग गोळीचा नाही, त्याच दिवशी या. हे सांगायला अर्धं मिनिट जास्त लागतं. जुन्या फायली काढून अशी "चालू" गोळी आणखी कुणाकडे आहे का ते शोधलं, दोघी सापडल्या. एकीला अकरा महिने झाले होते, दुसरीला चार वर्षं. दोघींची फुफ्फुसं आणि यकृत तपासली, सुदैवाने नीट होती. दोघींच्या गोळ्या बंद केल्या.

काकी परवा आमसुलं घेऊन आल्या होत्या. चालून झाल्यावर ऑक्सिजन ९१. पाखाडीचं विचारलं तर एक बोट वर केलं. "दोनदा बसाचा लागायचा, आता एकदाच बसतंय."